चामडं चिकट झालंय: सोफा, पर्स आणि कोल्हापुरी चप्पल, तिन्हींना एकच उपाय चालेल का?

मंगळवार_पेठ

पावसाळा लागल्यापासून घरातल्या तीन वस्तू हाताला चिकटतात. नेमकं काय होतंय ते लिहिते.

सोफा आठ वर्षांचा, अस्सल चामडं म्हणून घेतलेला. डोकं टेकतं ती जागा आणि उजवा हात एवढंच चिकट आहे, बाकी ठीक. डोक्याच्या जागी रंग काळपट पडलाय.

पर्स बाहेरून नव्यासारखी आहे, पण आतला कप्पा चिकट. मोबाईल बाहेर काढला की काळे कण लागून येतात. दीड वर्ष कपाटात होती, वापर जवळजवळ नाहीच.

कोल्हापुरी चप्पल कापशी घाटाची. पाय ठेवतो तो भाग चिकट, त्यावर धूळ बसून काळी साय आलीय. नवी असताना तेल पाजलं होतं, उन्हाळ्यात आणखी दोनदा. घरात करडईचं तेल होतं, तेच वापरलं.

आतापर्यंत ओल्या फडक्याने पुसून झालं. सोफ्याला खोबरेल लावलं तर एक दिवस बरं वाटलं, मग आधीपेक्षा जास्त चिकटायला लागला. कोणी व्हिनेगर सांगतं, कोणी खाण्याचा सोडा, कोणी टाल्कम पावडर. वस्तू खराब न करता काय करायचं, ते क्रमाने सांगाल का?

टॅनिंग_टेबल

ताई, आधी तेलाची बाटली बाजूला ठेवा. तुमच्या वर्णनावरून तिन्हींमध्ये चिकटणारा पदार्थ वेगळा दिसतोय. सोफ्यावरचा रंगाचा थर मऊ पडलाय, पर्सच्या आतलं प्लास्टिक कुजलंय आणि चपलेवरचं तेल वाळून डिंकासारखं झालंय. त्यामुळे एकच उपाय चालणार नाही. पण अंदाजावर जाऊ नका, दहा मिनिटांत घरीच खात्री होते.

पहिल्यांदा कापलेली कड शोधा. सोफ्याच्या तळाला काळं कापड स्टेपलने मारलेलं असतं, त्याचे दोन-तीन स्टेपल उचकटले की आत दुमडलेली कड दिसते. अस्सल चामड्याची कड तंतूंची, गुंतलेल्या लोकरीसारखी असते. रेक्झिन असेल तर खाली विणलेलं कापड आणि वर पातळ पापुद्रा, असे दोन थर सरळ दिसतात. पाठ आणि हात दोन्ही ठिकाणी बघा. बसायची जागा चामड्याची आणि बाजू रेक्झिनच्या, असे सोफे बाजारात भरपूर आहेत.

मग न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा. मिनिटभरात मुरला आणि डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे. मण्यासारखा तसाच राहिला तर वर रंगाचा बंद थर आहे.

शेवटी कोरडं पांढरं सुती फडकं चिकट जागेवर दहा वेळा हलक्या हाताने फिरवा. फडक्यावर पिवळट-तपकिरी तेलकट डाग आला तर वर घाण साचलीय, ती निघते. सोफ्याचाच रंग उतरला किंवा नखाने हलकंच ओढल्यावर थराच्या सुरळ्या निघाल्या, तर थर गेला आणि धुऊन तो परत येणार नाही.

डोक्याच्या जागेचं कारण सांगतो. केसांचं तेल आणि त्वचेतलं मेद रंगाच्या थरात शिरतं. हा थर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा असतो. मेद मुरलं की तो फुगतो, मऊ होतो आणि मग बोटाला धरतो. तुम्ही खोबरेल लावलंत म्हणजे त्याच थराला आणखी तेल पाजलंत. पहिल्या दिवशी ओलसर तेलावरून हात घसरतो म्हणून बरं वाटतं.

सफाई अशी करा. अर्धा लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, बेबी शाम्पू घाला. स्पंजने फेस काढा आणि फक्त फेस वापरा, पाणी नको. एका वेळी वीतभर चौकोन घ्या. फेस मिनिटभर राहू द्या, चामड्याच्या दाणेदार पोतातली घाण मऊ टूथब्रशने गोल फिरवून सोडवा. मग घट्ट पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने दोनदा पुसा आणि लगेच कोरडं करा. शाम्पूचा अंश राहिला तर तोच उद्या चिकटेल, म्हणून हे दुसरं पुसणं टाळू नका. पंख्याखाली २४ तास जाऊ द्या आणि त्यानंतरच चिकट आहे की नाही ते ठरवा. ओला थर तात्पुरता मऊ लागतोच. लागलं तर एक दिवस सोडून पुन्हा, पण तीनपेक्षा जास्त वेळा नको.

सोडा, कपड्यांचा किंवा अंगाचा साबण, भांड्यांची पावडर यांतलं काहीही वापरू नका. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ३.५ ते ५. साबणवडीचा पीएच ९-१० असतो. वारंवार वापरली तर टॅनिंग, म्हणजे चामड्याची कमावणी, ढिलं होतं आणि रंग उडतो. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर रंगाचा थरच विरघळवतात. गाडीच्या चामडी स्टिअरिंगला चिकटपणा येतो, त्यामागेही घाम, हँडक्रीम आणि सॅनिटायझर हेच असतात.

तेल शोषून घ्यायला कॉर्नफ्लोअर चालतं, पण जिथे तेल बाहेर झिरपतंय तिथेच. बंद थराखालचं तेल ते ओढू शकत नाही. आडव्या जागेवर २-३ मिलिमीटर थर रात्रभर ठेवा. उभ्या पाठीवर टिकत नाही, तिथे पातळ सुती कापडात पुरचुंडी बांधून थापा आणि अर्ध्या तासाने ब्रशने झाडा, असं चार-पाच वेळा. नंतर सगळं पीठ व्हॅक्यूमने काढा. शिवणीत राहिलं तर या दमट हवेत त्यावर बुरशी धरेल. टाल्कमने चिकटपणा झाकला जातो, निघत नाही.

मंगळवार_पेठ

तपासलं. पाठ खरंच चामड्याची आहे, तंतू दिसले. हात मात्र रेक्झिनचा निघाला, खाली पांढरं जाळीदार कापड! पाठीवर पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत तपकिरी डाग आला, पुढे थोडा रंगही. चपलेवर थेंब लगेच मुरला नाही, पण बाजूच्या कानावर मुरला. पर्सच्या आतला कप्पा नखाने सोलला जातोय.

पायताण_लाईन

चपलेचं मी सांगतो.

थेंब कानावर मुरला आणि तळावर नाही, याचा अर्थ तळाची छिद्रं वाळलेल्या तेलाने बुजलीत. चूक तेल पाजण्यात नाही, तेल कुठलं त्यात आहे. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं. हवेतला ऑक्सिजन घेतात आणि आधी चिकट, मग वार्निशसारखी होतात. ऑइल पेंटमध्ये जवसाचं तेल घालतात ते याच गुणासाठी. सूर्यफूल, सोयाबीनही थोड्या प्रमाणात तसंच वागतात. चपलेला एरंडेल किंवा खोबरेल घ्यावं, ती अशी वाळत नाहीत. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणून थंडीत चपलेवर पांढरी धूळ दिसली की लोक बुरशी समजतात. केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा द्या. वितळून गेली तर तेल, तशीच राहिली आणि कुबट वास आला तर बुरशी.

आता काढायचं कसं. आधी वरची काळी साय लाकडी आइस्क्रीमच्या काडीने खरवडा, सुरी नको. मग रंगाच्या दुकानात मिळतं ते मिनरल टर्पेंटाइन सुती फडक्यावर घ्या. फडकं ओलसर हवं, ठिबकता कामा नये. एका चपलेला ५ मिली पुरे. बोटांकडून टाचेकडे पुसा आणि फडक्याची बाजू सारखी बदला, नाहीतर काढलेला चिकटा परत पसरतो. अंगणात किंवा गच्चीवर करा, जवळ गॅस, उदबत्ती काही नको, हातात मोजे घाला. वापरलेलं फडकं चोळामोळा करून टाकू नका. वाळणारं तेल मुरलेला बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. उलगडून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

टर्पेंटाइन कडेला जाऊ देऊ नका. अस्सल कोल्हापुरीत तळाचे थर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात, पण हल्ली बऱ्याच जोडांत थरांमध्ये सोल्युशनही, म्हणजे चिकटवायचा रबरी गोंद, असतं. टर्पेंटाइन आणि जास्तीचं तेल दोन्ही ते सोल्युशन सोडवतात आणि टाच उघडते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत चप्पल ठेवली की कडेने पिवळसर चिकट रेघ येते ना, तेही तापून मऊ पडलेलं सोल्युशनच.

दोन दिवस सावलीत, वारा लागेल असं ठेवा. वेणी आणि गोंड्याला यातलं काही लावायचं नाही, तिथला रंग आणि जर उतरते. तळ कोरडा-भुरकट दिसायला लागला की पूर्ण जोडाला मिळून अर्धा चमचा एरंडेल, म्हणजे २-३ मिली, फडक्याने लावा. रात्रभर मुरू द्या, सकाळी राहिलेलं पुसा. वर्षातून दोनदा पुरे, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात. पावसाच्या तोंडावर तेल नको.

आणि भिजली तर उन्हात किंवा चुलीपाशी नेऊ नका. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं चामडं ओलं असताना तापलं की आकसतं आणि लाकडासारखं कडक होतं. वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून कोरा कागद खाली घाला आणि दोन-तीन तासांनी बदला. लोखंडी जाळीवर ठेवली तर सालीतल्या टॅनिनचा, म्हणजे चामडं कमावणाऱ्या तुरट द्रव्याचा, लोखंडाशी संयोग होऊन निळे-काळे डाग पडतात, ते जात नाहीत.

हे सगळं अस्सल मालासाठी. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते या वनस्पती-टॅनिंगच्या, हाताने केलेल्या जोडांना. वरून रेक्झिन मारलेली ‘कोल्हापुरी’ असेल तर टर्पेंटाइन अजिबात लावू नका.

उद्यमनगर_अपहोल्स्ट्री

पर्सच्या कप्प्याबद्दल स्पष्ट सांगतो, तो दुरुस्त होत नाही. कप्पा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, कोटिंगचा आहे. स्वस्त पीयू पॉलिएस्टर जातीचं असतं आणि हवेतली वाफ त्याची साखळी तोडत जाते. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते पुढची तोडफोड आणखी वाढवतं. म्हणून न वापरता बंद कपाटात ठेवलेली वस्तूही कुजते, उलट तिथे हवा खेळत नसल्याने जास्तच. कंडिशनर, तेल, पावडर यांनी तुटलेली साखळी जुळत नाही.

पण पर्स वाया गेली असं समजू नका. कप्पा उलटा करून बाहेर काढा, खाली जुना टॉवेल घाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं, कापसावर घेऊन कोटिंग चोळा. ते गोळ्या होऊन निघतं आणि खालचं कापड उरतं. एका कप्प्याला ५०-६० मिली आणि बराच कापूस लागेल. बाहेरच्या चामड्याला एक थेंबही लागू देऊ नका. कापड जीर्ण निघालं तर शिवण उसवून सुती ड्रिलचं नवीन अस्तर घालून घ्या. पुन्हा पीयूचं अस्तर घालू नका, काही पावसाळ्यांनी हेच होईल.

सोफ्याचा हात. रेक्झिन पीव्हीसीचं आहे की पीयूचं, त्यावर पुढचं अवलंबून. पीव्हीसी जड असतं आणि थंड लागतं. मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर घातलेलं असतं, ते उष्णतेने पृष्ठभागावर येतं. हे शाम्पूच्या फेसाने निघतं, काही महिन्यांनी परत येतं, पण कापड टिकतं. पीयू असेल तर सोलायला लागेल आणि मग हाताचं कापड बदलणं हाच मार्ग. नवीन घेताना दुकानदाराला हायड्रोलिसिस चाचणीचं, म्हणजे वाफेने साखळी तुटते का ते बघण्याचं, विचारा. ७० अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रतेत काही आठवडे तुकडा ठेवून ही चाचणी करतात. पॉलिकार्बोनेट जातीचं पीयू त्यात बराच काळ टिकतं. महाग आहे, पण आपल्या हवेत तेच घ्यावं.

पाठीबद्दल: रंग थोडा उतरतोय म्हणजे थर अर्धा गेलाय. टॅनिंग_टेबल यांनी सांगितलेली सफाई तीनदा करा. आठवड्याने कोरडा हात नुसता टेकवला तर चिकटत नसेल, तर तिथेच थांबा. चिकटत असेल तर तेवढा पट्टा पुन्हा रंगवावा लागेल. आयसोप्रोपिल आणि पाणी निम्मं-निम्मं करून मऊ थर उतरवायचा, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने एकदम हलकं घासायचं, मग पाण्यावर आधारित चामड्याचा रंग आणि त्यावर मॅट टॉपकोट. प्रत्येकी तीन-चार हात, तेही स्पंजने थापून आणि इतके पातळ की पहिला हात अपुरा वाटावा. दोन हातांच्या मध्ये १५ मिनिटं. क्रॉसलिंकर, म्हणजे थर पक्का करायला मिसळतात ते रसायन, पाकिटावरच्या प्रमाणातच, अंदाजाने ओतला तर थर तडकतो. तीन दिवस कोणी टेकायचं नाही. हे काम भर पावसात काढू नका. हवेत ओल असली की पाण्याचा रंग नीट सुकत नाही आणि नवीन थरही चिकट राहतो. ऑक्टोबरची वाट बघा.

आणखी एक. सोफा नवा राहावा म्हणून त्यावर पारदर्शक प्लास्टिक तसंच ठेवायची आपल्याकडे सवय आहे. कृपया काढा. त्या प्लास्टिकमधलं प्लास्टिसायझर चामड्याच्या रंगात उतरतं आणि पूर्ण सीट चिकट होते. डोक्याच्या जागी धुता येणारं सुती कापड टाका, आठवड्याला बदला.

व्हिनेगर एकास दहा पाण्यात शेवटचा हात म्हणून चालतं असं माझं मत आहे, साबणाचा अंश मारायला.

टॅनिंग_टेबल

व्हिनेगरवर मी सहमत नाही. बेबी शाम्पू वापरला असेल तर मारायला अल्कली उरतच नाही, आणि घरी लोक एकास दहा मोजत नाहीत, बाटलीतून ओततात. साधं पाणी पुरेसं आहे. आधीच साबणवडीने धुतलं गेलं असेल तरच एकास दहा ठीक. बाकी उत्तराशी पूर्ण सहमत, विशेषतः ऑक्टोबरपर्यंत थांबण्याशी.

दमट_कपाट

पुन्हा होऊ नये यासाठी साठवणीचं लिहितो, कारण सगळा खेळ आर्द्रतेचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. ७०च्या वर सतत राहिलं की बुरशी धरते, चामड्याला ४५ ते ५५ मानवतं. छोटा डिजिटल हायग्रोमीटर कपाटात ठेवा म्हणजे अंदाजावर राहावं लागणार नाही.

सिलिका जेल उपयोगी आहे, पण बुटाच्या खोक्यातली जुनी पुडी नाही, ती केव्हाच भरलेली असते. झाकण घट्ट बसणाऱ्या २०-२५ लिटरच्या डब्यात २०० ग्रॅम रंग बदलणारं जेल जाळीच्या पिशवीत ठेवा. केशरीचं हिरवं झालं की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास, परत तयार. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. रोज उघडणाऱ्या कपाटात जेल दोन दिवसांत दमतं, तिथे दार रोज तासभर उघडं ठेवून समोर पंखा लावावा, अर्थात बाहेर पाऊस नसताना. पाणी साठवणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे चामड्याच्या वरच्या फळीवर कधीच नकोत. त्यातलं खारं पाणी सांडलं तर डाग कायमचा.

वस्तू जुन्या धुतलेल्या सुती धोतरात किंवा मलमलमध्ये गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको. दोन पर्स एकमेकींना टेकू देऊ नका, मऊ थर एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंग सोलून येतो. डांबरगोळ्यांनी ओल कमी होत नाही, त्या किड्यांसाठी आहेत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा.

तालीम_आखाडा

याच धाग्यात विचारतो. मर्दानी खेळाच्या जुन्या तलवारीचं म्यान चामड्याचं आहे. पितळी मोहरीजवळ, म्हणजे म्यानाच्या तोंडाशी, हिरवा, मेणासारखा चिकट थर आलाय आणि खालच्या टोकाला चामडं लालसर भुकटीसारखं सुटतंय. शाम्पूचा फेस चालेल का?

टॅनिंग_टेबल

दादा, फेस नको, पाण्याचा थेंबही नको. लालसर भुकटी म्हणजे आम्लाने कुजलेलं जुनं चामडं. त्याला पाणी लागलं की ते क्षणात काळं पडून कडक होतं आणि मग काहीच करता येत नाही. तेलही नको.

हिरवा थर म्हणजे पितळेतल्या तांब्याचा आणि चामड्यात पाजलेल्या तेलाचा संयोग. बांबूची टोकदार काडी घेऊन कोरडाच हळूहळू उचला. पितळेवर उरलेला अंश कानातल्या कापसाच्या काडीवर किंचित मिनरल टर्पेंटाइन घेऊन पुसा, चामड्याला न लावता. पितळ चिंच-लिंबाने घासायचा मोह टाळा, ते आम्ल चामड्यात उतरतं.

तलवार म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातलं टॅनिन पात्याला गंज आणतं. पातं पुसून, तेलाचा पातळ हात देऊन वेगळं ठेवा. म्यानात आकार धरण्यापुरती हलकी लाकडी पट्टी घाला आणि सुती कापडात आडवं ठेवा. भुकटी सुटणारा भाग जुन्या चामड्याचं काम करणाऱ्या संवर्धकाकडे द्या, तो पाणी नसलेल्या द्रावणाने तंतू धरून ठेवतो. तोपर्यंत त्या टोकाला हात लावू नका.